मोएतच्या बाटलीवरची दोन टिंबं आणि जर्मनमधली दोन टिंबं, हे एकच चिन्ह आहे का?

गंगापूर_रोडची

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण डोक्यातून जात नाहीये म्हणून टाकते. मी एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम करते (कुठल्या ते विचारू नका, धरणाच्या बाजूला ज्या आहेत त्यातलीच एक) आणि सोबत कॉलेज रोडला जर्मनचा ए-वन चालू आहे. आमच्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं की अक्षरावर दोन टिंबं आली की स्वर बदलतो, म्हणजे यू वर टिंबं असतील तर ओठ ऊ सारखे गोल ठेवायचे आणि आतून ई म्हणायचं, सगळा वर्ग मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात बघून तोंडं वेडीवाकडी करत होता ते जाऊ दे. तर गेव्युर्झट्रामिनर नावाची जी पांढऱ्या वाईनची द्राक्षं असतात त्यात यू वर अशी टिंबं आहेत, ते मला कळलं.

पण मोएत शांपेनच्या बाटलीवर इंग्रजी ई वर दोन टिंबं आहेत आणि तिथे कुठलाही नवीन स्वर होत नाही, साधा आपला ए. सिट्रोएन गाडीच्या नावात पण ई वर तशीच. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या ते फ्रेंच आहे, माझा प्रांत नाही. आमच्याकडे येणारे एक काका तर छातीठोक सांगून गेले की ती नुसती डिझाईन असते, नाव फॉरेनचं वाटावं म्हणून. गुगलवर गेले तर डायरेसिस, ट्रेमा, उमलाउट असे तीन शब्द आले आणि होतं ते पण डोकं गेलं.

आणि दुसरं म्हणजे दोन स्वर शेजारी शेजारी आपल्याकडेही येतातच की, आई, भाऊ, मऊ. मग आपल्याला असलं काही चिन्ह का लागत नाही? जाणकारांनी जरा प्रकाश टाका.

भो_नाशिककर

अगं सगळं उमलाउटच आहे ते. जर्मन लोकांचं चिन्ह, बाकीच्यांनी उचललं. फ्रेंच लोक बोलतात नाकात म्हणून तुला फरक ऐकू येत नाही इतकंच.

दुभाषी

भो भाऊ, थांबा जरा, उलटं आहे. स्वर तोडणारी टिंबं जर्मन टिंबांपेक्षा कितीतरी जुनी आहेत, आणि जर्मन टिंबं मुळात टिंबं नव्हतीच, पण ते जर्मनवाल्यांना सांगू दे, मी फ्रेंचपुरतं बोलतो, अनुवादाचं काम करतो त्यामुळे रोजचा संबंध आहे.

ताई, तुम्ही बघताय ते मोएतवरचं चिन्ह म्हणजे डायरेसिस, फ्रेंचमध्ये त्यालाच ट्रेमा म्हणतात. दोन्ही शब्द ग्रीक. डायरेसिस म्हणजे वेगळं करणं, आणि ट्रेमा म्हणजे भोक, फाशावर जे ठिपके असतात त्यांनाही तोच शब्द होता. पहिल्या नावात चिन्हाचं काम सांगितलंय, दुसऱ्यात त्याचा चेहरा.

काम एकच, दोन स्वर शेजारी आलेत पण त्यांना एकत्र करू नका, सुटे म्हणा. फ्रेंचमध्ये रोमन ए (a) आणि आय (i) जोडून आले की त्याचा आपल्या ए सारखा एकच स्वर होतो. एम-ए-आय-एस हा शब्द म्हणजे "मे", अर्थ "पण". त्याच शब्दात आय वर दोन टिंबं दिली की "माइस" होतो आणि अर्थ होतो मका. पण आणि मका, मधे फक्त दोन टिंबं! नोएल, इस्राएल, हायती, सगळ्यांत हाच प्रकार. मोएतमध्ये पण ओ आणि ई चिकटू नयेत म्हणून टिंबं, मो-एत. आणि हो, शेवटचा टी म्हणायचा. पुष्कळ लोक फ्रेंच आहे म्हणजे शेवटचं अक्षर खायचं असं समजून "मोए" म्हणतात आणि वर दुसऱ्याला सुधारतात. क्लोद मोएत नावाच्या माणसाने १७४३ मध्ये काढलेली कंपनी आहे, त्याच्या आडनावातला टी उच्चारतातच.

सिट्रोएनची गोष्ट तर अजून मजेशीर आहे. ते कुटुंब मूळचं ॲमस्टरडॅमचं, गाडीची कंपनी काढणाऱ्या आंद्रे सिट्रोएनचे पणजोबा लिंबूवर्गीय फळांच्या धंद्यातले, डच भाषेत सिट्रून म्हणजे लिंबू. डचमध्ये ओ-ई जोडून आले की उच्चार ऊ. कुटुंब पॅरिसला आलं आणि तिथे ई वर टिंबं चढली, सिट्रूनचं झालं सित्रोएन. म्हणजे तुमच्या त्या काकांना सांगा, डिझाईन कसली, टिंबांनी अख्ख्या आडनावाचा उच्चार फिरवला.

सगळ्यात जुना वापर ग्रीकांचा. हेलेनिस्टिक काळातले पपायरस बघितले तर शब्दांमध्ये जागाच सोडलेली नसते, सगळी अक्षरं एका रांगेत सलग, मग वाचणाऱ्याने शब्द कुठे संपला ते ओळखायचं कसं? तर शब्द इओटा किंवा उप्सिलॉनने, म्हणजे त्यांच्या इ किंवा उ ने, सुरू होत असेल तर त्यावर दोन टिंबं, म्हणजे हा स्वर मागच्याचा शेपूट नाही, इथून नवीन. नंतर शब्दाच्या आतल्या सुट्या स्वरांसाठी तेच चिन्ह पक्कं झालं. ग्रीसने १९८२ मध्ये जुने तीन-चार प्रकारचे आघात काढून टाकून एकच ठेवला, पण ही टिंबं नाही काढली, काढता आली नसती. त्यांच्याकडे "पेदाक्या" म्हणजे छोटी पोरं आणि "पाइदाक्या" म्हणजे भाजलेल्या बरगड्या, हॉटेलच्या मेनूत हमखास असतात. अक्षरं सेम टू सेम. टिंबं विसरलात तर ताटात काय मागवलं ते तुम्हीच बघा.

भो_नाशिककर

बरं बुवा, पोरं नको, मका द्या 😄

गंगापूर_रोडची

दुभाषी सर, मी आजवर सगळ्यांना मोए, मोए करत सांगत होते, उद्यापासून टी लावणार. पण मग जर्मनवालं काय? आणि इंग्रजीत असतं का हे? नाईव्ह शब्दात आय वर कधीतरी बघितल्यासारखं वाटतंय.

दुभाषी

इंग्रजीत आहे पण मरणपंथाला. नाईव्ह, झोई, आणि त्या ब्राँटी भगिनी, त्यांच्या वडिलांचं मूळचं आयरिश आडनाव ब्रंटी होतं, त्यांनी ते बदलून शेवटच्या ई वर टिंबं दिली, म्हणजे लोकांनी तो ई गिळू नये. द न्यूयॉर्कर नावाचं साप्ताहिक मात्र अजून हट्टाने को-ऑपरेट, री-इलेक्ट असले शब्द हायफन न देता दुसऱ्या स्वरावर दोन टिंबं देऊन छापतं. वाचकांना आधी वाटतं की छपाईची चूक आहे.

खरं तर टिंबं नसल्याचा त्रास आपल्या डोळ्यासमोर रोज असतो. सहकारी सोसायट्यांच्या इंग्रजी बोर्डांवर सी-ओ, हायफन, ओ-पी लिहिलेलं असतं ना, पेंटरने हायफन खाल्ला की जे उरतं त्याला इंग्रजीत "कूप" म्हणतात, म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. कूप हाऊसिंग सोसायटी. वन बीएचकेचा साईज बघता फार चुकीचंही नाही म्हणा.

श्टुटगार्टचा_सिडकोवाला

जर्मनीत बरीच वर्षं आहे, तेवढं मी सांगतो. मॅडमनी शिकवलं ते बरोबर, तो उमलाउट, आणि त्याचा स्वर तोडण्याशी काडीचा संबंध नाही. शब्द रूढ केला याकोब ग्रिमने, हो तोच परीकथावाला ग्रिम, तो मुळात भाषेचा मोठा अभ्यासक होता.

झालं असं की जुन्या जर्मनमध्ये शब्दाच्या पुढच्या सिलेबलमध्ये ई चा आवाज असला की मागचा स्वर त्याच्याकडे ओढला जायचा, जीभ आधीच पुढे सरकायची. जुना शब्द गास्ट म्हणजे पाहुणा, अनेकवचन गेस्टी. पुढे तो शेवटचा ई झिजला पण बदललेला स्वर तसाच राहिला, आज एकवचन गास्ट आणि अनेकवचन गेस्टं, लिहिताना रोमन ए (a) वर दोन टिंबं. इंग्रजीत माऊसचं माईस आणि फूटचं फीट होतं ते पण ह्याच खोडीमुळे, फक्त इंग्रजांनी टिंबं न देता स्पेलिंगच बदललं.

आता हा बदललेला स्वर लिहायचा कसा? मध्ययुगातले लेखनिक मूळ अक्षराच्या डोक्यावर बारीकसा रोमन ई (e) काढायचे. आणि जर्मन लोकांचं जुनं हस्ताक्षर होतं कुरेंट नावाचं, त्यात ई हे अक्षर दोन उभ्या बारीक रेघांसारखं दिसायचं. तो डोक्यावरचा ई घाईत लिहिता लिहिता दोन रेघा झाला, दोन रेघांची दोन टिंबं झाली. म्हणजे जर्मन टिंबं हा ई चा सांगाडा आहे. म्हणूनच आजही कीबोर्डवर सोय नसेल तर टिंबं काढून त्या जागी पुढे ई लिहितात, म्युलर आडनाव असेल तर एम-यू-ई. पासपोर्टच्या खालच्या मशीन वाचते त्या दोन ओळी असतात ना, त्यात पण असंच असतं, आणि विमानाच्या तिकिटावर एक आणि पासपोर्टवर वरच्या भागात दुसरं स्पेलिंग बघून नवीन माणूस घाबरतो.

ताईंसाठी आता मुद्द्याची गोष्ट. मोएत आणि गटे शेजारी ठेवून बघा. गटे म्हणजे शाकुंतलची तारीफ करणारा तो जर्मन कवी. त्याच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये पण ओ-ई आहे. पण तिथला ई हा स्वतंत्र स्वर नाहीच, ती ओ ची टिंबं अक्षरात लिहिलीत, ओठ ओ चे आणि आवाज ए चा, साधारण "ग्योटं". आपल्याकडे कित्येक ठिकाणी "गोएथे" छापतात, म्हणजे आपण नसलेली ट्रेमा मनातल्या मनात देऊन वाचतो. आणि मोएतमध्ये टिंबं खरोखर आहेत, ती सांगतायत की इथे तोडा. एकाच ओ-ई ची दोन टोकं.

ओळखायचं कसं, तर साधारण असं बघा, दोन स्वर लागून आहेत आणि दुसऱ्याच्या डोक्यावर टिंबं, तर बहुतेक तोडणारी. एकटा ए, ओ, यू व्यंजनांच्या मधे टिंबं घेऊन बसलाय तर उमलाउट. हा काही नियम नाही, जर्मनमध्येच हाउसचं अनेकवचन हॉयझर, त्यात ए-यू लागून आहेत, टिंबं पहिल्यावर आहेत आणि तो उमलाउट आहे.

बाय द वे, गेव्युर्झ म्हणजे मसाला आणि ट्रामिन हे आता इटलीत असलेलं दक्षिण तिरोलमधलं गाव. फ्रान्सच्या अल्सासमधली बाटली मिळाली तर बघा, तिथे लेबलवर सहसा यू वर टिंबं देत नाहीत. द्राक्ष तेच.

हाफ_लिटर

आणि आइस्क्रीम आणि मेटल बँडवाल्यांचं काय? 🤘

श्टुटगार्टचा_सिडकोवाला

ते मात्र काकांच्या पार्टीत. ब्लू ऑयस्टर कल्ट, मोटरहेड, मोटली क्रू, ह्यांची टिंबं नुसती दणकट दिसावं म्हणून. जर्मन माणूस ते टिंबांसकट वाचतो तेव्हा नाव फार गोंडस ऐकू येतं. हागेन-डाझ न्यूयॉर्कमधल्या कुटुंबाने काढलेलं आइस्क्रीम, नाव डॅनिश वाटावं म्हणून बनवलेलं, आणि डॅनिश वर्णमालेत टिंबंवाला ए नाहीच. स्वीडिश, फिनिशमध्ये आहे, पण तिथे तो ए चा नटवलेला भाऊ नसून वेगळं अक्षर मानतात, डिक्शनरीत झेडच्या पण मागे जाऊन बसतो.

पंचवटीकर_मास्तर

चर्चा वाचतो आहे, छान चालली आहे. गंगापूर_रोडची ह्यांचा दुसरा प्रश्न कोणी घेतला नाही, तो मी घेतो, शाळेत संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं.

आपल्याला टिंबं लागत नाहीत कारण आपल्या लिपीत प्रत्येक स्वराची दोन रूपं आहेत. व्यंजनाला चिकटला तर काना-मात्रा-वेलांटी, सुटा असला तर पूर्ण अक्षर. "भाऊ" मधला ऊ पूर्ण अक्षर आहे, तो भा ला चिकटलेला नाही हे डोळ्यालाच दिसतं. "सौरभ" मधला औ चिकटलेला आहे, तेही दिसतं. रोमन लिपीत दोन्हीकडे ए-यू. राऊत आडनावाच्या माणसाला बाहेरच्या देशात काय काय हाका ऐकाव्या लागतात ते त्यालाच विचारा. सई आणि साई तर इंग्रजीत एकच होऊन बसतात. रोमनमध्ये सईच्या आय वर दोन टिंबं दिली असती तर निदान कोणी तिला सै म्हटलं नसतं, साई म्हणण्याचा धोका उरलाच.

आता कोणी म्हणेल की मराठीत ऐ आणि अइ ह्यांत ऐकायला फरक काय, आपण पैसा म्हणताना पइसा असंच म्हणतो, हिंदीवाल्यांसारखा पॅसा नाही. अगदी बरोबर. पण फरक मोजण्यात आहे. "नऊ" म्हणजे लघु आणि गुरू, तीन मात्रा. "नौ" म्हणजे एक गुरू, दोन मात्रा. "लई भारी" आणि "लै भारी" दोन्ही बोलतात, पण वृत्तात बसवताना एक बसेल आणि दुसरं ओळ मोडेल. गझल लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

संस्कृतात मात्र शब्दाच्या आत दोन स्वर शेजारी जवळजवळ चालतच नाहीत, लगेच संधी. अपवाद विचारला की दोनच शब्द पुढे येतात, तितउ आणि प्रउग. तितउ म्हणजे चाळण, ऋग्वेदात दहाव्या मंडलातल्या ज्ञानसूक्तात आहे, चाळणीने सातू निवडावा तशी शहाण्यांनी मनाने वाणी निवडली, अशी ती ऋचा आहे. प्रउग म्हणजे रथाच्या दांड्याचा पुढचा भाग, आणि शुल्बसूत्रांत, म्हणजे वेदी बांधायच्या मोजमापांच्या ग्रंथांत, त्याच आकाराची, दोन बाजू समान असलेल्या त्रिकोणाची वेदी, तिला प्रउगचिती म्हणतात. हे दोन्ही शब्द देवनागरीत लिहिताना काही अडत नाही, पण युरोपीय पंडित रोमनमध्ये लिहायला बसले की ए-यू आलं, तो औ वाचला जाऊ नये म्हणून यू वर दोन टिंबं. म्हणजे ज्या चिन्हाची आपण परकं म्हणून चौकशी करतोय ते वेदातल्या शब्दावर कधीचं बसलेलं आहे.

वाक्यात शब्दांच्या सीमेवर मात्र संधी न होण्याची सोय पाणिनीनेच करून ठेवली आहे. ईदूदेद्द्विवचनं प्रगृह्यम्. द्विवचनी रूपाच्या शेवटी ई, ऊ, ए असेल तर पुढे स्वर आला तरी संधी नाही, हरी एतौ असंच राहणार. तिथे खुणेची गरज नाही, व्याकरण येणाऱ्याला ते कळतं.

प्राकृतात तर सुट्या स्वरांचा पाऊस आहे. मधली व्यंजनं गळाली आणि स्वर शेजारी शेजारी उघडे पडले. नदीचं णई, नगरचं णअर, राजकुलचं राउल आणि पुढे मराठीत राऊळ, देवकुलचं देउल आणि पुढे देऊळ. म्हणजे आपल्या देवळातला तो पूर्ण ऊ हा गळालेल्या व्यंजनांनी सोडलेल्या जागेवर उभा आहे. रोमनमध्ये छापलेल्या प्राकृत ग्रंथांची नावं बघा, गउडवहो, पउमचरिय, यू वर टिंबं दिसतील. आणि नाशिककरांसाठी खास सांगतो, हालाच्या सत्तसईतली, म्हणजे गाथासप्तशतीतली, "भम धम्मिअ" ही गाहा (गाथा) प्रसिद्ध आहे, आनंदवर्धनाने ध्वन्यालोक ह्या काव्यशास्त्राच्या ग्रंथात घेतलेली. त्यात त्या धार्मिकाला सांगितलं आहे की बाबा निवांत फिर, कुत्र्याला सिंहाने मारलं, आणि तो सिंह राहतो कुठे, तर "गोलाणइकच्छ", गोला म्हणजे आपली गोदावरी, तिच्या काठच्या झाडीत. त्या णइ मधला इ सुटा आहे. जर्मन पंडित वेबर यांनी १८७० आणि १८८१ मध्ये सत्तसई रोमन लिपीत छापून युरोपात नेली.

दुभाषी

मास्तर, दंडवत. एक शंका, प्राकृतात ऐ आणि औ हे स्वर नाहीतच ना? मग णइ ला णै वाचायची भीतीच कशाला, टिंबांची गरज काय?

पंचवटीकर_मास्तर

शंका रास्त आहे. प्राकृत येणाऱ्याला गरज नाही, आणि म्हणून काही संपादक ती देतही नाहीत. पण रोमन वाचणारा बहुतेक आधी संस्कृत शिकून आलेला असतो, त्याचा डोळा ए-आय दिसलं की ऐ म्हणून मोकळा होतो. टिंबं त्याच्यासाठी.

हाफ_लिटर

आमच्या इंजिनिअरिंगला एक्सवर एक टिंब म्हणजे वेग आणि दोन टिंबं म्हणजे प्रवेग. न्यूटनचं नोटेशन. गणिताच्या एम-थ्री पेपरात ह्याच टिंबांनी माझी केटी लावली, स्वर तोडायचं माहीत नाही पण माणूस तोडतात.

कॅम्पातली

मास्तर सरांचं वाचून आमचं देवळाली आठवलं. इंग्रजांनी स्पेलिंग केलं डी-ई-ओ आणि पुढे लाली. दे-ओ-लाली. ट्रान्झिट कॅम्प होता तिथे, मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर महिनोन् महिने उन्हात पडून असायचे, कंटाळून, तापाने डोकं फिरायचं, त्यावरून इंग्रजीत "डूलॅली" म्हणजे वेडा हा शब्द आला, आधी पूर्ण "डूलॅली टॅप" म्हणायचे, टॅप म्हणजे आपला ताप. आता बघा, त्या ओ वर दोन टिंबं दिली असती तर ई आणि ओ सुटे राहिले असते आणि डू झालंच नसतं! आमच्या गावाची बदनामी वाचली असती.

श्टुटगार्टचा_सिडकोवाला

ताई, कल्पना झकास आहे पण सोल्जर काही स्पेलिंग वाचून बोलत नव्हते, कानावर पडलं ते तोंडात बसेल तसं म्हणायचे. टिंबं लिहिलेल्याला वाचवतात, ऐकलेल्याला नाही.

कॅम्पातली

हो तेही खरंय. पण बोर्डावर टिंबं असती तर आम्ही निदान भाव खाल्ला असता 😌

दुभाषी

एक राहिलंच. रशियन. त्यांच्या ये अक्षरावर दोन टिंबं दिली की यो होतो. १७८३ मध्ये राजकन्या दाश्कोवाने अकादमीच्या बैठकीत हे अक्षर सुचवलं. पण रशियन लोक छापताना टिंबं सर्रास गाळतात, आपल्याला कळतंय ना मग कशाला, असा प्रकार. रशियनाला कळतं, बाहेरच्याला कुठून कळणार. म्हणून आपल्या पेपरांत जन्मभर ख्रुश्चेव्ह आणि गोर्बाचेव्ह छापून आले, खरं म्हणजे ख्रुश्च्योफ आणि गर्बाच्योफ.

आणि स्पॅनिशमध्ये टिंबं उलट्या कामाला असतात. जी-यू-आय लिहिलं की वाचायचं गि, यू मुका. तो बोलका करायचा असेल तर यू वर दोन टिंबं, मग ग्वि. पिंग्विनो. म्हणजे तिथे तोडायचं नसून गप्प बसलेल्याला उठवायचं असतं. पोर्तुगीजमध्ये पण होतं, ब्राझीलने २००९ पासून नवीन नियमात काढून टाकलं, जुने लोक अजून कुरकुरतात असं तिथल्या एका सहकाऱ्याकडून ऐकलंय.

जुळारी

मी प्रेसवाला. रविवार कारंजाजवळ वडिलांच्या काळी खिळे जुळवायचं काम होतं, आता सगळं कॉम्प्युटरवर. माझं म्हणणं एवढंच की तुम्ही सगळे हे वेगळं ते वेगळं म्हणताय पण कॉम्प्युटरला दोन्ही एकच. यूनिकोडमध्ये वर ठेवायच्या दोन टिंबांचा कोड एकच आहे आणि त्याचं नाव डायरेसिस, उमलाउटला वेगळा कोड नाही.

जर्मनीतल्या लायब्ररीवाल्यांनी ह्यावर तक्रार केली होती, त्यांचं दुखणं खरं होतं, त्यांच्या याद्यांमध्ये उमलाउट असेल तर ते अक्षर पुढे ई आहे असं धरून लावायचं आणि ट्रेमा असेल तर टिंबं नाहीतच असं धरून. शेवटी उत्तर असं मिळालं की ज्यांना फरक ठेवायचाय त्यांनी ट्रेमाच्या आधी एक न दिसणारं अक्षर घालावं. म्हणजे दिसायला जुळी, आत एकाच्या खिशात चिठ्ठी.

आणि जुने मराठी फॉन्ट आठवतात का, यूनिकोडच्या आधीचे? त्यात आपली जोडाक्षरं आणि मात्रा ह्या असल्या टिंबंवाल्या युरोपियन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असायच्या. गिऱ्हाईकाने लग्नपत्रिकेची फाईल आणली आणि आपल्याकडे तो फॉन्ट नसला की "श्री गजानन प्रसन्न" च्या जागी सगळी टोप्या आणि टिंबं घातलेली अक्षरं. आम्ही त्याला फ्रेंच पत्रिका म्हणायचो.

गंगापूर_रोडची

बापरे, एवढं सगळं निघेल असं वाटलं नव्हतं. मास्तर सर, गोदावरीवालं मी गेस्टना सांगणार, धरण समोरच दिसतं आमच्या डेकवरून. जुळारी काका, एक काम होतं, आमचं नवीन टेस्टिंग कार्ड छापायचंय, त्यात गेव्युर्झ, एक ऑस्ट्रियाची ग्र्युनर आणि मोएत अशी तिन्ही नावं येणारेत. मागच्या वेळी जिथे छापलं तिथे टिंबंच उडाली आणि मालकांनी मला झापलं. वर्डमध्ये टिंबं येतातच ना?

जुळारी

येतात. नंबर पॅड असेल तर आल्ट दाबून धरायचं आणि ई साठी ०२३५, यू साठी ०२५२, ओ लागला तर ०२४६, ए ला ०२२८. हे छोटे अक्षराचे नंबर आहेत, कॅपिटलचे वेगळे, प्रत्येकात ३२ वजा करायचे. म्हणजे ई चा कॅपिटल ०२०३. लॅपटॉपला नंबर पॅड नसला तर इन्सर्ट मेनूत सिम्बॉलमध्ये जा.

टिंबं उडतात ती तिथे नाही, फॉन्टमध्ये. वाईनच्या कार्डाला सगळ्यांना ती लांब शेपटीची हस्ताक्षरासारखी फॉन्ट लागतात, त्यातल्या फुकटच्या कित्येकांत टिंबंवाली अक्षरं बनवलेलीच नसतात. मग एकतर चौकोन येतो नाहीतर ते एकच अक्षर दुसऱ्या फॉन्टमध्ये येतं, जाडजूड, लगेच डोळ्यात खुपतं. डिझायनरला आधी तिन्ही नावं त्या फॉन्टमध्ये टाईप करून बघायला सांग, नाही आली तर फॉन्ट बदला, टिंबं वरून हाताने चिकटवू नका, छपाईत सरकतात. अजून एक, सगळं कॅपिटलमध्ये सेट करणार असाल तर वरच्या ओळीत आणि खालच्या ओळीत अंतर थोडं जास्त ठेवा, नाहीतर टिंबं वरच्या ओळीतल्या अक्षरांना जाऊन भिडतात.

फाईल देताना फॉन्ट आत बसवून पीडीएफ दे, वर्ड नको.

गंगापूर_रोडची

कॅपिटलमध्येच आहे सगळं 🙈 डिझायनरला आत्ताच मेसेज टाकते.

भो_नाशिककर

जुळारी काका, ३२ वजा केल्यावर यू चा ०२२० येतो ना? दुकानाच्या नावावर टाकून बघतो, भो च्या ओ वर.

जुळारी

ओ ला ०२१४ लागेल. ०२२० यू चा आहे.